टायटलवर ३१,८६४, गाडीवर २७,३४७ : बाइक विकताना अडकलोय

चेनल्यूब

मंडळी, थोडं लांबण लावतो. चूक कुठे झाली ते सांगितल्याशिवाय प्रश्नच कळणार नाही.

मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. २०१७ची कावासाकी वर्सिस ६५० विकायला काढली आहे. गाडीवर जीव आहे, पण धाकटी झाल्यापासून ती गॅरेजात चादर पांघरून उभी असते. दर शनिवारी चादर काढायची, पाच मिनिटं चालू ठेवायची, पुन्हा चादर घालायची. आजारी माणसाला बघायला गेल्यासारखं वाटतं. म्हटलं, चालवणाऱ्याच्या घरी जाऊ दे.

जाहिरात टाकली, ४,६०० डॉलर. एकाने ओडोमीटरचा फोटो मागितला. माझ्या गाडीचा डिस्प्ले कायम किलोमीटरवर असतो. चौदा वर्षं झाली या देशात, पण वेग डोक्यात अजून किलोमीटरमध्येच शिरतो. पाटीवर ६५ दिसलं की मनात १०५ उमटतं, ते आता पाढ्यासारखं पाठ आहे. पण गिऱ्हाईक अमेरिकन, म्हणून बटण दाबून डिस्प्ले मैलांवर आणला. या गाडीत नुसता वेगच नाही, ओडोमीटरचा आकडाही बदलतो. किलोमीटरमध्ये ४४,०१२ होता, मैलांत २७,३४७ झाला. फोटो काढला, पाठवला.

रविवारी तो माणूस आला. शांत, पन्नाशीचा, स्वतःचा टॉर्च घेऊन आलेला. चेन बघितली, फोर्क सील बघितले, हेडलाइट हाय-लो करून बघितला. एक चक्कर मारून आला तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटलं, झालं काम. मग म्हणाला, टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद, दाखव. मी फाइलमधून काढून दिलं. त्याने टॉर्च आधी टायटलवर मारला, मग डिस्प्लेवर, मग परत टायटलवर. आणि टॉर्च बंद केला.

टायटलवर २०२१च्या तारखेचं रीडिंग आहे : ३१,८६४. शेजारी 'ॲक्च्युअल मायलेज'. म्हणजे चार वर्षांपूर्वी गाडी जितकी चालली होती त्यापेक्षा आज ४,५१७ मैल कमी!

'मीटर मागे केलंय' असं तो म्हणाला नाही. "गुड लक विथ द सेल" म्हणाला आणि हेल्मेट उचलून गेला. तोंडावर चोर म्हणाला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

तो गेल्यावर अर्धा तास गॅरेजात बसलो आणि तेव्हा उलगडा झाला. ज्याच्याकडून मी गाडी घेतली तो नुकताच कॅनडातून अलास्का करून आला होता. कॅनडात पाट्या किलोमीटरच्या, म्हणून त्याने डिस्प्ले किलोमीटरवर टाकलेला. व्यवहार त्याच्या ड्राइव्हवेत झाला. तो गाडीच्या डिक्कीवर टायटल ठेवून लिहीत होता आणि मी चावी फिरवून आकडा वाचून दाखवत होतो. थर्टी वन, एट सिक्स फोर. त्याने तेच लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. आकड्याशेजारची 'केएम' ही चिमुकली अक्षरं त्यानेही पाहिली नाहीत, मीही नाही. खरं रीडिंग होतं १९,७९९ मैल. त्याच्या जाहिरातीतही 'एकोणीस हजार सातशेच्या वर' असंच होतं, आणि मी किंमतही त्याच हिशेबाने दिली होती. महिन्याभरात नवं टायटल टपालाने आलं, तेव्हा पाकीट उघडून नाव बरोबर आहे ना एवढं पाहिलं. डीएमव्हीवाल्यांना (इथलं आरटीओ) काय दोष द्यायचा, आम्ही जे लिहून दिलं तेच त्यांनी छापलं.

आता प्रश्न.

ऑफिसातला एक मित्र म्हणतो, एवढं डोकं कशाला लावतोस? डिस्प्ले परत किलोमीटरवर टाक, ४४,०१२ लिही, टायटलशी जुळतंय, विषय संपला. वर म्हणतो, यात फसवणूक कुणाची? चव्वेचाळीस हजार मैलांची गाडी म्हणून विकली तर तुलाच कमी पैसे मिळणार. घेणाऱ्याचा फायदाच.

खरं सांगतो, दोन रात्री हे मला पटलं होतं. अजूनही पूर्ण उतरलेलं नाही. स्वतःचं नुकसान करून घेणारं खोटं हे खोटं असतं का?

कुणाला असा अनुभव? काय करू?

तळ्यातमळ्यात

फॉर्मवर 'नॉट ॲक्च्युअल मायलेज'चा चौकोन असतो ना? त्यावर खूण करा आणि मोकळे व्हा. तुमच्यावर काही येणार नाही.

पुणेरी_किक

आपल्याकडे आरसीवर रीडिंग नसतंच, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. (मीटर मागे करणारे आहेतच, तो भाग वेगळा.) आधी मला वाटलं मायलेज म्हणजे ॲव्हरेज विचारताय. त्यावरून, ही गाडी ॲव्हरेज किती देते?

चेनल्यूब

@पुणेरी_किक, हाहा. शांतपणे चालवली तर लिटरला वीस-एकवीस. मी शांतपणे चालवत नाही.

@तळ्यातमळ्यात, त्या चौकोनाचा विचार केला. पण ती खूण एकदा बसली की पुढे कायम राहते असं वाचलं.

कागदीघोडा

बरोबर वाचलंत. कृपा करून तो चौकोन आणि मित्राची युक्ती, दोन्ही सोडा. मी नऊ वर्षं वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या एका डीलरकडे टायटलची कागदपत्रं करते. गाडी चालवता येत नाही, पण कागद वाचता येतो. वकील नाही, हे आधीच सांगते.

विक्रीच्या वेळी विकणारा तीनपैकी एक गोष्ट सांगून सही करतो. पहिली : हे रीडिंग माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. दुसरी : ओडोमीटर त्याच्या आकड्यांच्या मर्यादेपलीकडे गेलाय, म्हणजे ९९,९९९ नंतर परत शून्यावर आलाय. तिसरी : रीडिंग खरं नाही, त्यावर विसंबू नका. ही तिसरी खूण मीटरवरचा आकडा गाडीच्या खऱ्या अंतराशी जुळत नसेल तेव्हाची आहे. तुमचं तसं नाही. तुमचा ओडोमीटर ठणठणीत आहे, त्याने एक मैलही चुकीचा मोजलेला नाही. चुकलाय तो कागद. कागदाच्या चुकीसाठी गाडीला का डाग लावायचा? तो डाग टायटलवर छापून येतो, देशभरच्या टायटलच्या नोंदी जिथे जमा होतात त्या एनएमव्हीटीआयएसमध्ये जातो, आणि पुढच्या प्रत्येक मालकाला त्याची किंमत मोजावी लागते.

आता मित्राची युक्ती. तुम्ही ४४,०१२ लिहिणार कुठे? मैलांच्या रकान्यात. आणि खाली सही करणार की हे खरं मायलेज आहे. खरं नाही हे तुम्हाला माहीत आहे. किंमत कमी लावलीत म्हणून विधान खरं होत नाही. ओडोमीटरचा कायदा केंद्राचा आहे, १९७२चा, आणि विक्रीच्या वेळी रीडिंग टायटलवरच लिहायचा नियम १९८६च्या ट्रूथ इन मायलेज ॲक्टने आला. फसवण्याच्या हेतूने केलं असं सिद्ध झालं तर घेणारा नुकसानीच्या तिप्पट किंवा १०,००० डॉलर, यांतलं जे जास्त असेल ते मागू शकतो. तुमचा हेतू तसा नाही, मान्य. पण पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणा. तुमच्याकडून घेणारा दोन महिन्यांनी तेच बटण दाबणार. ४४ हजारांचे २७ हजार होणार. तो प्रामाणिक असेल तर त्याला वाटेल तुम्ही काहीतरी केलंत. अप्रामाणिक असेल तर तो आनंदाने २७ हजारांचा फोटो काढून गाडी विकेल. दोन्हीकडे कागदावर शेवटची सही तुमची.

गाडी २०१७ची, म्हणजे जुनी म्हणून सूटही नाही. पूर्वी दहा वर्षांनी रीडिंग सांगायची गरज संपायची. २०२१पासून नियम बदलला : २०११ आणि त्यापुढच्या मॉडेलना वीस वर्षं. तुमच्या गाडीची २०३७ला संपेल. २०१० आणि त्याआधीच्या गाड्या मात्र सुटलेल्या आहेत. खात्री करायची तर विन नंबरचं (म्हणजे चेसिस नंबरचं) दहावं अक्षर बघा, २०१७चं एच असतं.

मी असते तर काय केलं असतं सांगते. आधी विकायचं थांबवा. गाडी तुमच्या नावावर असतानाच रीडिंग दुरुस्त करून घ्या. गिऱ्हाईक समोर उभं करून ही दुरुस्ती करायला जाल तर दर वेळी टॉर्च बंद होणार.

आणि तिथे जाताना नुसती तोंडी गोष्ट चालणार नाही. २०२१च्या व्यवहाराआधीचा, मैलांतलं रीडिंग असलेला, तारीख असलेला, दुसऱ्या कुणी लिहिलेला कागद हवा. सर्व्हिसचं बिल सगळ्यांत उत्तम. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याचा पत्ता लागतो का बघा. चूक त्याने लिहिली, तुम्ही वाचली, म्हणजे खुलासा दोघांचा हवा. त्याने 'मी किलोमीटर मैल समजून लिहिले' एवढं सहीनिशी लिहून दिलं तर अर्धं काम झालं.

एक आणखी, आणि हे सगळ्यांसाठी : टायटलवर पेन चालवू नका. आकडा गिरवणं, खोडणं, व्हाइटनर, काही नाही. एक आकडा गिरवलेला असला तरी त्याचा वेगळा खुलासा मागतात. आकडा सुधारून 'जुळवून' आणलेली टायटलं मी पाहिली आहेत. सुधारणाऱ्याला वाटतं कुणाला दिसणार नाही, आणि काउंटरवरचा माणूस कागद हातात घेताघेता ओळखतो.

गॅरेजकाका

कागदीघोडाताईंनी सगळं सांगितलंच आहे. माझी भर जरा वेगळ्या दुखण्याची.

माझ्या जुन्या बाइकचा अख्खा मीटर गेला होता. पार्किंगमध्ये आडवी पडली, काच फुटली, दुसऱ्या दिवशी पाऊस. नवीन मीटर आला तो शून्यावर. मी कायदा काढून वाचला (रिटायर्ड माणसाला वेळ असतो). त्यात म्हटलंय : दुरुस्तीनंतर आधीचं रीडिंग कायम ठेवता येत नसेल तर मीटर शून्यावर ठेवा, आणि आधीचं रीडिंग व दुरुस्तीची तारीख लिहिलेली चिठ्ठी गाडीच्या डाव्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवा.

मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. डावा दरवाजा सापडला नाही.

शेवटी सीटखाली, बॅटरीच्या झाकणावर चिठ्ठी लावली, वर पारदर्शक टेप. दुकानाच्या बिलावर जुन्या मीटरचं आणि नव्या मीटरचं, दोन्ही रीडिंग लिहून घेतली. फुटका मीटर फेकला नाही, खोक्यात ठेवला. विकताना 'नॉट ॲक्च्युअल'ची खूण केली, कारण माझ्या बाबतीत तीच खरी होती, आणि घेणाऱ्याला बिल, चिठ्ठी, खोकं सगळं दिलं. त्याने किंमत थोडी पाडली, पण गाडी नेली.

चेनल्यूब, तुमच्या गिऱ्हाइकाचा राग धरू नका. मोटरसायकल विकत घेणाऱ्याकडे पडताळायला फार थोडं असतं. कॅलिफोर्नियात चारचाकीला दर दोन वर्षांनी स्मॉग (धुराची तपासणी) असतो, तिथे रीडिंगची नोंद पडते. मोटरसायकलला स्मॉग नाही, म्हणजे ती वाटही बंद. उरतं काय? टायटलवरचा आकडा, आणि गाडीचं अंग. मी घेताना टायरवरचा डॉटचा कोड बघतो, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. पाच हजार मैल सांगतो आणि टायर तिसरा जोड, असं असेल तर मी चहा पिऊन निघतो. फूटपेगचं रबर, ब्रेक लीव्हरचा रंग, चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे. या गोष्टी खोटं बोलत नाहीत, पण आकडाही सांगत नाहीत. म्हणून माणूस कागदावर भरवसा ठेवतो.

चेनल्यूब

ताई, काका, खूप आभार. मित्राला तुमची उत्तरं वाचून दाखवली. तो म्हणाला "मी आपलं सुचवलं होतं".

काल रात्री मूळ मालकाने दिलेली फाइल उघडली. चार वर्षांत पहिल्यांदा! माणूस टापटिपीचा, सगळी बिलं प्लॅस्टिकच्या पाकिटात, तारखेच्या क्रमाने. मे २०२१चं एक बिल सापडलं : चेन आणि स्प्रॉकेट बदलले, रीडिंग १६,१०८ मैल. जूनअखेरीस मी गाडी घेतली. मधल्या काळात तो अलास्काला गेला. १६,१०८ वरून १९,७९९, म्हणजे साधारण ३,७०० मैल.

इथे मी अडकलो. तो कॅलिफोर्नियातून निघून अलास्काला जाऊन परत आला असेल तर ३,७०० मैल फार कमी. एकटा अलास्का हायवेच एका बाजूने जवळपास १,४०० मैल आहे. हिशेब बसेना. म्हणजे माझा उलगडाच चुकीचा की काय? डोकं सुन्न झालं. ३१,८६४ खरे मैल असतील तर? गाडी मला वाटते त्यापेक्षा जास्त चाललेली असेल तर?

कागदीघोडा

घाबरू नका, त्यालाच विचारा. बिलावर फोन नंबर असेलच.

आणि दुसरा हिशेबही करून बघा. १६,१०८ वरून ३१,८६४ म्हणजे दीड महिन्यात १५,७५६ मैल. रोज साडेतीनशेच्या आसपास, एकही दिवस सुट्टी नाही. आणि नवीन चेन त्यानंतर तुमच्याकडे आली तेव्हा कशी होती?

चेनल्यूब

चेन नवी कोरी होती, हे मला पक्कं आठवतं. तिच्यावरूनच हे नाव घेतलं, नवीन चेनला पहिल्यांदा ल्यूब लावताना पँटची वाट लावली होती.

चेनल्यूब

आठ दिवसांनी लिहितोय.

मूळ मालक सापडला. नंबर तोच, आता ऑरेगनला राहतो. मी घाबरत घाबरत सांगायला लागलो, आणि तो मध्येच मोठ्याने हसला. म्हणाला, अलास्काला नेहमी लोक जातात तसा जायचं ठरलं होतं, पण अलास्कात पोचलोच नाही. ब्रिटिश कोलंबियात पाऊस लागला, बोटं सुजली, डॉसन क्रीकला अलास्का हायवेच्या शून्य मैलाच्या खांबापाशी फोटो काढला आणि तिथूनच मागे फिरला. मला विकताना 'अलास्काची ट्रिप' म्हणाला होता, 'अलास्का केलं' असं म्हणाला नव्हता. चार वर्षं मी लोकांना 'ही गाडी अलास्का करून आलीय' सांगत होतो. जाहिरातीतही लिहिलं होतं! ते पहिल्यांदा काढून टाकलं.

म्हणजे हिशेब बसला.

त्याच्याकडे त्या ट्रिपचे फोटो होते. खांबापाशीच्या फोटोत डिस्प्ले दिसतोय, झूम केलं तर आकड्याशेजारी 'केएम' वाचता येतं. आकडा २८,९१४, भागून बघितला तर १७,९६६ मैल. मे महिन्याच्या बिलापुढे आणि आमच्या व्यवहाराआधी, बरोबर जागी. त्याने एक पानी खुलासा लिहून, सही करून, टपालाने पाठवला. मी माझा वेगळा लिहिला. तो लिहिताना मजा आली. 'मी चूक केली' हे सरकारी कागदावर किती शब्दांत लिहायचं? तीन मसुदे फाडले. पहिल्यात मी माझं लहानपण किलोमीटरमध्ये कसं गेलं इथपर्यंत पोचलो होतो. शेवटी चार वाक्यं उरली : तारीख, कुठला आकडा लिहिला, तो कुठल्या एककात होता, खरा आकडा काय.

दोन्ही खुलासे, मेचं बिल, माझ्याकडची नंतरची दोन बिलं (दोन्ही दुकानांनी किलोमीटर भागून मैल लिहिले होते, मी कधी लक्षच दिलं नव्हतं), फोटो, आणि आजच्या डिस्प्लेचा मैलांतला फोटो असं सगळं घेऊन अपॉइंटमेंटला गेलो. खिडकीमागच्या बाईंनी सगळं वाचलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला : आत्ता डिस्प्ले कशावर आहे? म्हटलं मैलांवर. म्हणाल्या, तिथेच राहू द्या.

कागद जमा केले आहेत. पुढचं त्यांच्या हाती.

गॅरेजकाका

त्या बाईंचं म्हणणं सोन्यासारखं आहे. मीटरवर एक चिठ्ठी लावा.

कागदीघोडा

छान केलंत. नवीन टायटल आलं की पाकीट उघडून या वेळी नुसतं नाव नको, आकडाही वाचा :) आधीचा चुकीचा आकडा देशाच्या नोंदींत इतिहास म्हणून राहू शकतो, त्यामुळे खुलाशांच्या प्रती फेकू नका. घेणाऱ्याला एक संच द्या, एक स्वतःकडे ठेवा.

विकताना रीडिंग त्या दिवशी, त्या घटकेला, चावी फिरवून वाचा. जाहिरातीतला आकडा उतरवू नका, मधे टेस्ट राइड झालेल्या असतात. दशांश लिहायचा नाही. २७,३६०.४ असेल तर २७,३६०. दशांश चिकटवून पावणेतीन लाख मैलांची स्कूटर झालेली मी पाहिली आहे. आणि विकल्यावर पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला गाडी विकल्याचं कळवायचं असतं, तिथेही रीडिंग विचारतात. तोच आकडा लिहा. टायटलवर जागा नसेल किंवा चुकलं तर रेग २६२ नावाचा फॉर्म लागतो. तो घरी छापता येत नाही, खास कागदावर असतो, डीएमव्हीतून आणावा लागतो. एक आधीच आणून ठेवा.

चेनल्यूब

आलं! पाच आठवडे लागले. आकडा वाचला. दोनदा. बायकोकडूनही वाचून घेतला.

टॉर्चवाल्याला मेसेज केला, सगळ्या कागदांचे फोटो पाठवले. त्याने उत्तर दिलं की त्याने मधल्या काळात दुसरी गाडी घेतली, पण 'थँक यू फॉर टेलिंग मी' असं लिहिलं. मला तेवढंच हवं होतं बहुतेक. जाहिरात परत टाकली आहे. या वेळी पहिल्याच फोटोत टायटलचा आकडा आणि डिस्प्लेचा आकडा शेजारी शेजारी.

सांगाती

हा सगळा धागा एका दमात वाचला. मी सॅन होजेत आहे आणि नेमकी वर्सिसच शोधतेय. गाडी आहे का अजून? माझी उंची पाच फूट चार. पाय टेकतील का?

चेनल्यूब

आहे! सीट ३३ इंचांच्या थोडी वर आहे, तुमचे चवडे टेकतील, टाचा नाही. मूळ मालकाने फोम कापून बसवलेली एक बुटकी सीटही आहे, माळ्यावर पडलीय. शनिवारी सकाळी या, दोन्ही बसून बघा. हेल्मेट आणा. आणि टॉर्चही.